रोवणी ते चुरणा : भंडाऱ्यातील अर्थशास्त्राचे एक वर्ष

भंडारा जिल्ह्यात शैक्षणिक वर्ष आणि धानाचे वर्ष जवळपास एकाच वेळी सुरू होते. जूनमध्ये महाविद्यालयांत प्रवेशाच्या याद्या लागतात, तेव्हा गावागावांत पऱ्हे (धानाची रोपवाटिका) टाकण्याची लगबग असते. जुलैत तासिका रुळावर येऊ लागतात आणि नेमकी तेव्हाच रोवणी येते. बी.ए.च्या अर्थशास्त्राच्या वर्गात त्या दिवसांत निम्मे बाक रिकामे दिसले तर कोणाला नवल वाटत नाही. मुली अधिक गैरहजर असतात, कारण रोवणी हे बायकांचे काम. घरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणे झाले की शेजारच्या बांधीत मजुरीने जायचे आणि त्या पैशांतून वह्या, बसचा पास, परीक्षेची फी भागवायची.

याच दिवसांत वर्गात ‘भारतीय शेतीतील प्रच्छन्न बेकारी’ हा घटक शिकवला जातो. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, त्यातली काही काढून घेतली तरी उत्पादन घटत नाही, असा त्याचा सारांश. आणि त्याच आठवड्यात गावात रोवणीला बाई मिळत नाही म्हणून शेतकरी दुसऱ्या गावाहून गाडी करून मजूर आणत असतो. पुस्तक खोटे नाही आणि शेतकरीही खोटे बोलत नाही. पंधरा-वीस दिवस माणसांची ओढाताण आणि मग महिनोन्‌महिने रिकामे हात, हे या पिकाचे गणित आहे. पुस्तकातला सिद्धांत वर्षाची सरासरी धरतो, त्यात जुलै दिसत नाही. पण रिकाम्या बाकांवरची मुले जुलै अंगावर घेऊन परत येतात. त्यांना कोणी विचारले तर एका प्रश्नावर वर्षभर पुरेल एवढी माहिती त्यांच्याकडे असते. त्यांना विचारले जावे आणि ते नीट लिहून ठेवले जावे, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

जिल्ह्यातील वरिष्ठ महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाने नुकतीच शंभरी ओलांडली. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाल्यापासून नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे त्याच्याकडे राहिले. विद्यापीठाचा पदव्युत्तर अर्थशास्त्र विभाग नागपुरात आहे. इकडे भंडाऱ्याचे जे. एम. पटेल, तुमसरचे एस. एन. मोर, साकोलीचे एम. बी. पटेल, लाखनीचे समर्थ अशा महाविद्यालयांतून कला-वाणिज्य शिकलेल्यांच्या पिढ्या निघाल्या. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर भंडाऱ्यात सात तालुके उरले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांच्या घरात होती. एवढ्या लहान जिल्ह्यात धान, भातगिरण्या, मँगनीजच्या खाणी, पोलाद, पितळ, कोसा, मासेमारी आणि एक राष्ट्रीय धरण प्रकल्प असे सगळे सापडते. अर्थशास्त्र शिकायला याहून चांगली जागा शोधावी लागेल.

महाविद्यालयातल्या विभागाचे वर्ष कसे जाते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. ऑगस्टमध्ये अभ्यास मंडळाचे उद्घाटन, मग भित्तिपत्रक, एखादे अतिथी व्याख्यान. वाणिज्यची मुले बँकेला किंवा कारखान्याला भेट देतात. २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन. फेब्रुवारीत केंद्रीय अर्थसंकल्पावर चर्चा, मार्चमध्ये राज्याच्या. मध्ये एक परिसंवाद, त्याच्या शोधनिबंधांचे पुस्तक, आणि या सगळ्याची छायाचित्रांसह नोंद वार्षिक अहवालात व मूल्यांकनाच्या फायलीत. यातला एकही उपक्रम वाईट नाही. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत मुले धीटपणे बोलतात, हे मोठेच काम आहे. पण वर्ष संपल्यावर या जिल्ह्याविषयी जूनमध्ये माहीत नव्हते असे काय हाती आले, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. पुढच्या वर्षी तेच वेळापत्रक पुन्हा सुरू होते.

आपल्या परिसरात याहून वेगळी परंपरा होऊन गेली आहे. जे. सी. कुमारप्पा अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवहार शिकून परतले, गांधीजींना भेटले आणि गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याच्या पाहणीला लागले. त्या पाहणीचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले. पुढे ते वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहू लागले. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने त्यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक पाहणी समिती नेमली, तिचा अहवाल १९३९ चा. भंडारा तेव्हा त्याच प्रांतात होता. कुमारप्पा ज्या प्राध्यापक सेलिग्मन यांच्याकडे शिकले, त्यांच्याकडेच त्याआधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले होते. त्यांचे ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे पुस्तक १९२३ चे, पण त्याआधी, १९१८ मध्येच, बाबासाहेबांनी भारतातल्या लहान जमीनधारणेवर निबंध लिहिला होता. तुकडे जोडून शेती मोठी करा, असे सगळे सांगत असताना त्यांनी विचारले की शेतावर भांडवल किती आहे, अवजारे किती आहेत आणि शेतीबाहेर माणसांना काम कुठे आहे. हेच बाबासाहेब १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. त्याच निवडणुकीत इथून लोकसभेत गेलेले अशोक मेहता पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. इथल्या अर्थशास्त्राच्या मुलांना ही निवडणूक ठाऊक असायला हवी, आणि १९१८ चा तो निबंध तर लाखांदूर, पवनीच्या दोन-अडीच एकरवाल्या घरांतल्या मुलांनी वाचायलाच हवा.

नव्या शैक्षणिक धोरणाने यासाठी एक दार उघडले आहे. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झालेल्या रचनेत क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. दोन श्रेयांकांचा क्षेत्र प्रकल्प म्हणजे साधारण साठ तासांचे काम. हे साठ तास इंटरनेटवरून उतरवलेल्या वीस पानांतही उरकता येतात आणि गावच्या धान खरेदी केंद्रावरही घालवता येतात. मला दुसरी वाट हवी आहे, आणि ती वेळापत्रकात बसते.

धानाचेच घ्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. शेतकरी सातबारा दाखवून नोंदणी करतो, केंद्रावर माल आणतो, बारदाना असला तर मोजमाप होते. सरकारने घेतलेला धान भरडाईसाठी गिरण्यांकडे जातो आणि एका क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ परत द्यावा असा दंडक आहे. आता विद्यार्थ्याने एक हिशेब मांडावा. समजा घरी दोन एकर जमीन आहे, एकरी पंधरा क्विंटल उतारा पडला. तीस क्विंटलचे ७१,०७० रुपये होतात. त्यातून नांगरणी-चिखलणीचा ट्रॅक्टर, पऱ्ह्याचे बियाणे, खत, रोवणीचा ठेका, कापणी, बांधणी, चुरण्याचे (मळणीचे) मशीन आणि केंद्रापर्यंतची गाडी वजा करायची. घरच्या माणसांची मजुरी धरायची की नाही, हा प्रश्न इथे येतो, आणि इथेच खरे अर्थशास्त्र सुरू होते. आई बारा दिवस स्वतःच्या बांधीत वाकून रोवत होती, त्याचा भाव शून्य लावला तर शेती फायद्यात दिसते. शेजारच्या बांधीत तिला मिळाली असती ती मजुरी लावली तर आकडा हलतो. ‘संधिव्यय’ ही संकल्पना समजावायला याहून दुसरे उदाहरण कशाला?

दुसरा प्रश्न त्याहून नाजूक आहे. अलीकडच्या हंगामांत राज्य सरकारने धान उत्पादकांना बोनस क्विंटलवर न देता हेक्टरवर, दोन हेक्टरच्या मर्यादेत दिला. तो सातबारा ज्याच्या नावे त्याच्या खात्यावर जातो. जमीन ठेक्याने किंवा बटईने करणाऱ्याचे काय? ठेका बहुधा तोंडी असतो, कागद नसतो. बाहेरून आलेल्या सर्वेक्षकाला गावात कोणी त्याबद्दल बोलणार नाही. गावातल्याच मुलीला मात्र कोणती बांधी कोणाची आणि कसतो कोण, हे लहानपणापासून माहीत असते. नावे न लिहिता फक्त क्षेत्र आणि अटी नोंदवल्या, तरी जिल्ह्याला हवी असलेली माहिती उभी राहील.

तलावांचा विषय मला सर्वांत मोलाचा वाटतो. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेल्या तलाव-बोड्यांवर इथला धान उभा राहिला. पाळ घातली, पाणी सोडायला तुडुम ठेवले, जादा पाणी निघून जायला सलंग ठेवली. पुढे मालगुजारांकडे मालकी असली तरी गावकऱ्यांचे निस्तार हक्क, म्हणजे वापराचे हक्क, होते आणि डागडुजीची जबाबदारी वाटलेली होती. भंडारा तेव्हा ज्यात होता त्या मध्यप्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि गाळ कोणी काढायचा याचे उत्तर हळूहळू धूसर झाले. सामाईक मालमत्तेच्या व्यवस्थापनावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी जगभरच्या पाटपाण्याच्या आणि मासेमारीच्या सामाईक व्यवस्था तपासल्या होत्या. तेच सगळे प्रश्न झाडीपट्टीतल्या, म्हणजे आपल्या या पूर्व विदर्भातल्या, एका बोडीच्या काठावर उभे असतात. पाणी शेतकऱ्याचे, मासे ढिवर सहकारी संस्थेचे, पोटखराबीतले गवत गुराख्याचे, आणि उन्हाळ्यात कोरड्या पोटावर अतिक्रमण करणारा आणखी कोणी.

गोंदियाच्या अर्जुनी-मोरगाव भागात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजासोबत तलावांवर काम केले. पाणवनस्पती परत लावल्या, स्थानिक माशांकडे लक्ष दिले. ढिवरांना कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला अंडी घालतो हे माहीत होते, आणि त्या माहितीचा आदर केल्यामुळे काम पुढे गेले. अर्थशास्त्राच्या विभागाने अशा तलावाचा नुसता जमाखर्च दरवर्षी मांडला तरी पुरे. लिलावाची रक्कम किती, बीज कितीचे टाकले, मासा किती निघाला, कोणत्या भावाने कोणत्या बाजारात गेला, किती घरांत पैसा वाटला.

वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या मुलांना भंडाऱ्याचे पितळ पाहता येईल. एके काळी या शहराची ओळख पितळी भांड्यांनी होती. स्टेनलेस स्टील आले आणि बाजार आटला, एवढे सगळे सांगतात. कारागिराला कच्चा माल उधारीवर कोण देतो, घडणावळ किती सुटते, भंगाराचा भाव चढला की त्याचे काय होते, हे लिहिलेले कमी सापडते. आंधळगावकडचा कोसा तसाच. ऐन-अर्जुनाच्या झाडावर अळ्या पाळणाऱ्या ढिवरापासून साडीच्या दुकानापर्यंत किंमत कशी चढत जाते, हा एका सत्राचा सुरेख प्रकल्प होईल. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि वैनगंगेच्या वरच्या अंगाला बालाघाटच्या चिन्नोरलाही. शेजारच्या दोन मानांकनांत गिऱ्हाइकाला फरक कसा सांगायचा, हे विपणनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

खर्चवाढ शिकवायला गोसीखुर्द धरण आहेच. १९८३ मध्ये ३७२ कोटींचा अंदाज, २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा आणि २०१६ च्या सुधारित मान्यतेत १८,४९४ कोटी. यातली किती वाढ महागाईची, किती रखडल्याची, किती बदललेल्या आराखड्याची, हे निर्देशांक हाती घेऊन एम.ए.च्या विद्यार्थ्याने सोडवावे. पुनर्वसित गावांत राहणारी मुले त्याच वर्गात बसलेली असतात, तेव्हा हा विषय जपून आणि त्यांना पुढे करून घ्यावा लागतो.

हिवाळी परीक्षांच्या मागे-पुढे कापणी चालते. भारे बांधले जातात, खळ्यावर पुंजणे उभी राहतात, चुरणा होतो. दिवाळी झाली की मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस येतात. गावोगाव दंडारी होतात, रात्री वडशाच्या नाटक कंपन्यांची झाडीपट्टीची नाटके. गावातले मंडळ कंपनीशी करार करते, तंबू, दिवे, तिकिटे यांचा हिशेब पाहते, आणि शिल्लक उरली तर गावच्या कामाला लावते. जोखीम मंडळाची. त्या रात्री पाऊस आला किंवा शेजारच्या गावी मोठ्या नटाचे नाटक असले तर तोटा. प्रकल्प व्यवस्थापनाचा हा धडा इथली पोरे विशीच्या आत गिरवतात, आणि महाविद्यालयात त्याला श्रेयांक नसतो. तो देता येईल.

जानेवारीनंतर मजुरांच्या गाड्या तेलंगणाकडे मिरची तोडायला निघतात. फेब्रुवारीत वर्गात स्थलांतराचा घटक असतो. तुमसरच्या चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आणि वरठीचा पोलाद कारखाना इथे असूनही ही माणसे का जातात, या प्रश्नाला पुस्तकात तयार उत्तर नाही. डोंगरीचे खनिज बॅटऱ्यांना लागते. ते कोणत्या मार्गाने जाते आणि तालुक्यात त्याचे किती रोजगार उरतात, हे मोजण्यासारखे आहे.

हे सारे एका वर्षात होणार नाही, आणि दरवर्षी नवे गाव घेतले तर कधीच होणार नाही. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ मध्ये छापली. आज ते गाव पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारतींत आहे, आणि त्या पाहणीमुळेच तिथली शंभर वर्षांपूर्वीची बांधणी आपल्याला कळते. नागपुरात वाढलेल्या धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले संस्थेत पुणे शहराची आणि वाई तालुक्यातल्या शेतीची पाहणी केली. तीच चिकाटी इथे हवी. एका महाविद्यालयाने एक गाव, एक तलाव आणि एक खरेदी केंद्र निवडावे. प्रश्नावली ठरवावी आणि ती बदलू नये. जुलैत रोवणीची मजुरी, नोव्हेंबर-डिसेंबरात उतारा आणि विक्री, एप्रिलमध्ये तलावातले पाणी आणि मासे. प्राध्यापक बदलले तरी वही तीच राहावी. मुलांनी मराठीत लिहावे. मराठी अर्थशास्त्र परिषदेची अधिवेशने मराठीतच भरतात, तिथे असे निबंध वाचता येतील.

पण पहिले वाचन गावात व्हावे. १ मे रोजी ग्रामसभा असते. उन्हाळी परीक्षेच्या धावपळीतून एक सकाळ काढून त्या गावच्या विद्यार्थ्याने मागच्या हंगामाचे आकडे तिथे वाचून दाखवावेत. हेक्टरी बोनस किती घरांना मिळाला, बटईवाली किती घरे बाहेर राहिली, तलावाच्या लिलावाची रक्कम कुठे गेली. आकडा चुकला असेल तर मागच्या रांगेतली एखादी म्हातारी तिथल्या तिथे दुरुस्त करील, आणि ती दुरुस्ती तिच्या शब्दांत वहीत लिहून घ्यावी. जूनमध्ये पऱ्हे टाकायच्या आधी ती वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी.