जुनी मोटार घेताना : किंमत एकदाच, खर्च वारंवार

आपल्या वस्त्यांतून आता दारात चारचाकी उभी दिसते, ही समाधानाची बाब आहे. म्हाताऱ्या आईवडिलांना दवाखान्यात न्यायचे, लेकराबाळांसह गावी जायचे, तर एस. टी. च्या रांगेपेक्षा घरची गाडी बरी, असे कोणालाही वाटेल. परंतु नवी गाडी आपल्या आवाक्यात नाही. मग पतपेढीचे कर्ज काढून किंवा निवृत्तीच्या पैशांतून जुनी गाडी घेतली जाते. पैसा घामाचा असतो. म्हणूनच या व्यवहाराबद्दल वाचकांशी चार गोष्टी बोलाव्यात, असे आम्हाला वाटले.

उदाहरणासाठी आम्ही मारुती ८०० ही गाडी घेतो. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज बाजारात मिळणारी प्रत्येक मारुती ८०० जुनीच आहे. इंजिन ७९६ सी.सी. चे, तीन सिलिंडरचे. रचना साधी. तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही ती खोलून दुरुस्त करतो. गरिबाने जुनी गाडी घ्यायचीच तर अशीच घ्यावी. पण साधी गाडी म्हणजे बिनखर्चाची गाडी नव्हे.

कोठे काय बिघडते?

पहिले दुखणे इंजिन तापण्याचे. रेडिएटरला जाणारे रबरी पाइप वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात, चिरतात आणि पाणी गळते. पाइप दोन-तीनशे रुपयांचा. तो वेळेवर बदलला नाही आणि काटा वर चढलेला असतानाही गाडी तशीच दामटली, तर हेड गॅस्केट जाते. मग सहा ते दहा हजारांचे काम निघते. त्याहून पुढे गेले तर पूर्ण इंजिन खोलावे लागते आणि खर्च वीस हजारांवर जातो. काटा चढला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम असताना रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते.

दुसरे क्लच प्लेटचे. घाट चढताना इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, तर प्लेट झिजली आहे असे समजावे. मजुरीसह साधारण चार-पाच हजार लागतात.

तिसरे टायमिंग बेल्टचे. हा रबरी पट्टा बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याची आठवण राहत नाही. तो तुटला की गाडी जागच्या जागी बंद पडते. आधीच्या मालकाने तो केव्हा बदलला हे सांगता येत नसेल, तर गाडी घेताच बदलून टाकावा.

चौथे आणि सर्वांत वाईट म्हणजे गंज. मुंबई आणि कोकणच्या खाऱ्या हवेत पत्रा आतून सडतो. बाहेरून पुट्टी भरून वर चकचकीत रंग मारलेला असतो. दारांच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या वरच्या पत्र्याला लहान चुंबक लावून पाहा. पुट्टी जाड असेल तेथे ते चिकटत नाही. पायाखालची चटई उचलून तळ पाहा. तळ सडलेला असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती गाडी सोडून द्या.

याशिवाय पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनलेले नाहीत. ते तपासून गरजेप्रमाणे बदलून घ्यावेत.

पाहायला जाताना

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर शंका घ्यावी. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत शिरते आहे. ऑइलच्या झाकणाला आतून दुधासारखा चिकट थर दिसला तरी तेच समजावे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवा. चाकाकडून कटकट आवाज आला तर जॉइंट गेला आहे.

२०१९ साली कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ साली चिपळूण-महाडमध्ये पूर आला. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून विकल्या जातात. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा. आतल्या भागावर मातीचा डाग असेल तर काय ते समजावे.

ओळखीचा मिस्त्री सोबत न्या. त्याचे पाचशे रुपये जड वाटू देऊ नका. दलाल आणून देईल तो मिस्त्री मात्र नको.

कागद आधी, पैसे नंतर

आर. सी. बुकावरील चॅसिस आणि इंजिन नंबर गाडीवरील नंबरांशी ताडून पाहा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घ्या. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. कोऱ्या फॉर्मवर नुसत्या सह्या घेऊन गाडी फिरवू नका. बाकी असलेली चलने आधीच्या मालकाकडूनच भरून घ्या.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. २० वर्षांवरील गाडीला ऑगस्ट २०२५ पासून ते १०,००० आहे. पर्यावरण कर वेगळा. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. १००० सी.सी. च्या आतील गाडीला जून २०२२ पासूनच्या दराने त्याचे मूळ २,०९४ रुपये पडतात. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडे मारू नका. तो गुन्हा आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते.

हिशेब मांडून पाहा

समजा, गाडी ६० हजारांना ठरली. पहिल्या वर्षात बॅटरी ३,५००, चार टायर ११,०००, क्लच ४,५००, बेल्ट, पाइप आणि ऑइल ३,५००, ब्रेक २,०००, नूतनीकरण ५,००० आणि विमा २,०९४. बेरीज ३१,५९४ रुपये. गावोगावी भाव कमी-जास्त असतील आणि सगळी कामे एकाच वर्षी निघतीलच असे नाही. पण गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम वेगळी ठेवलेली असावी, हे मात्र खरे. पेट्रोल यात धरलेलेच नाही.

तेव्हा हातात ९० हजार असतील तर ६० हजारांची गाडी पाहावी. ६० हजारच असतील तर ४० हजारांची पाहावी किंवा वर्षभर थांबावे. मुलांच्या फीचे पैसे गॅरेजमध्ये जाता कामा नयेत. गाडी घरच्यांच्या सोयीसाठी घ्यायची असते. तिचा हिशेबही घरच्या सर्वांनी, विशेषतः घर चालविणाऱ्या बाईने, मिळून करावा आणि मगच विसार द्यावा.