सबीन पास ते दाभोळ

आपल्या मंडळात चार जण जमले की दोघे तरी तेल-वायूच्या धंद्यातले निघतात. ह्यूस्टनमध्ये राहायचे म्हटल्यावर त्यात नवल नाही. टेक्सास-लुइझियानाच्या किनाऱ्यावर नैसर्गिक वायू द्रवरूपात परदेशी पाठवणारी जी टर्मिनल्स उभी राहिली आहेत, त्यांचा विषय निघाला की हमखास दोन प्रश्न येतात. "तिथे स्फोट झाला तर?" आणि "आपले गॅसचे बिल वाढणार का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. माझी डॉक्टरेट उष्णतावहनातली, पोटापाण्याचा उद्योग सॉफ्टवेअरचा. वायूच्या व्यापाराशी माझा संबंध नाही. पण यंत्रे समजून घेण्याची जुनी खोड आहे. त्या खोडीपोटी हा लेख.

आधी एक घोटाळा दूर करू. भारतात आपल्या स्वयंपाकघरात असतो तो लाल सिलिंडर एलपीजीचा, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचा. हे वायू नेहमीच्या तापमानाला नुसत्या दाबाने द्रव होतात. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि तो असा दबत नाही. त्याचे तापमान उणे ८२ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर कितीही दाब द्या, तो द्रव होत नाही. त्याला थंडच करावे लागते. साध्या हवेच्या दाबाला उणे १६२ अंशांपर्यंत. तसे केले की त्याचे आकारमान सुमारे सहाशेपट घटते. समुद्रापलीकडे वायू जहाजाने नेणे परवडते ते या सहाशेच्या आकड्यामुळे. या द्रवाला एलएनजी म्हणतात.

आता कारखाना पाहू. पाइपलाइनने आलेल्या वायूतून प्रथम कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचा अंश काढतात, कारण हे दोन्ही गोठून नळ्या बंद करतील. पाराही काढतात, तो अगदी किंचित असला तरी थंड करणाऱ्या यंत्रातले ॲल्युमिनियम पोखरतो. मग वायू थंड करण्याच्या साखळीत जातो. आपल्या फ्रिजचेच हे तत्त्व, पण तीन टप्प्यांचे: प्रोपेन, मग इथिलीन, शेवटी मिथेन, प्रत्येक आधीच्यापेक्षा अधिक थंड. अशा एका संपूर्ण साखळीला या धंद्यात 'ट्रेन' म्हणतात. येणाऱ्या वायूपैकी साधारण दहावा हिस्सा ही यंत्रे चालवण्यातच खर्ची पडतो.

ह्यूस्टनहून पूर्वेला ब्यूमाँट आणि पोर्ट आर्थर मागे टाकले की टेक्सासची हद्द संपते, आणि पाण्यापलीकडे लुइझियानाच्या कॅमेरून पॅरिशमध्ये सबीन पासच्या पांढऱ्या टाक्या दिसतात. शेनिएर या ह्यूस्टनच्याच कंपनीने हे टर्मिनल बांधले ते वायूच्या आयातीसाठी. अमेरिकेतला वायू आटत चालला आहे, तो बाहेरून आणावा लागेल, हा त्या काळचा सर्वमान्य अंदाज होता. २००८ मध्ये टर्मिनल सुरू झाले आणि त्याच सुमारास शेल खडकातून वायूचा लोंढा बाहेर पडू लागला. धक्का तयार, टाक्या तयार, आणि येणारे जहाज नाही, अशी गत झाली. मग कंपनीने उलटी दिशा धरली. २०११ मध्ये ऊर्जा खात्याने निर्यातीला परवानगी दिली, २०१२ मध्ये संघीय ऊर्जा नियामक आयोगाने बांधकामाला मंजुरी दिली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पहिले जहाज ब्राझीलकडे निघाले. २०२२ पर्यंत सहा ट्रेन उभ्या राहिल्या. त्यांची क्षमता वर्षाला सुमारे ३ कोटी टन आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने आणखी विस्तारासाठी अर्ज केला: तीन मोठ्या ट्रेन, दोन नव्या टाक्या, वर्षाला सुमारे २ कोटी टनांची भर. नव्या जागी टर्मिनल बांधण्यापेक्षा असा विस्तार स्वस्त पडतो, कारण धक्का, खोल पाण्याचा मार्ग, पाइपलाइन आणि माणसे आधीपासून असतात. पण विस्तारात ट्रेनइतक्याच टाक्याही महत्त्वाच्या. सबीन पासच्या पाच टाक्यांत मिळून सुमारे १७ अब्ज घनफूट वायू मावतो आणि सहा ट्रेन दिवसाला साधारण ४ अब्ज घनफूट वायू द्रव करतात. म्हणजे टाक्या रिकाम्या असल्या तरी चार-साडेचार दिवसांत भरतील. धुक्याने किंवा चक्रीवादळाने जहाजे अडली की हे घड्याळ सुरू होते. माझ्या धंद्यातल्या मंडळींना हे गणित ओळखीचे वाटेल: उत्पादक वेगवान आणि बफर लहान असला की मधला एक अडथळा सगळी साखळी थांबवतो. आणि इथे वादळे नवी नाहीत. २००५ चे रीटा आणि २०२० चे लॉरा याच कॅमेरून पॅरिशवर आदळले. २००० साली या पॅरिशची लोकसंख्या जवळजवळ १० हजार होती, ती २०२० मध्ये साडेपाच हजारांच्या आसपास उरली.

आता स्फोटाचा प्रश्न. द्रवरूपात हा वायू जळत नाही. तो सांडून वाफ झाला, हवेत ठरावीक प्रमाणात मिसळला आणि ठिणगी मिळाली, तरच पेटतो. खरा धोका पुन्हा त्या सहाशेच्या आकड्यात आहे. ८ जून २०२२ रोजी टेक्सासमधल्या फ्रीपोर्ट टर्मिनलमध्ये नळाच्या एका भागात द्रव दोन्हीकडून कोंडला गेला. दाब सोडणारी झडपही मार्गातून तोडलेली राहिली होती. द्रव हळूहळू तापला, फुगला आणि नळ फुटला. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही, पण टर्मिनल २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत निर्यात करू शकले नाही. उणे १६२ अंशांचे तंत्र निर्दोष चालत होते. चुकली ती एका झडपेची नोंद. म्हणून विस्ताराच्या कागदपत्रांत मी आधी तपासणीच्या पद्धती पाहतो, ट्रेनची संख्या नंतर.

त्याच घटनेने दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर दिले. फ्रीपोर्ट बंद पडताच तिथे जाणारा वायू देशातच राहिला आणि अमेरिकेतला भाव घसरला; युरोपातला मात्र चढला. म्हणजे आपल्या बिलाचा एक धागा आता त्या धक्क्यांना बांधलेला आहे. तो एकच धागा नव्हे. थंडी, साठे, विहिरींचे उत्पादन हेही आहेतच. पण निर्यातीचा घरातल्या भावाशी संबंध नाही, असे कोणी सांगितले तर मानू नये.

हा धागा कोकणापर्यंतही जातो. डिसेंबर २०११ मध्ये भारताच्या गेल कंपनीने सबीन पासशी २० वर्षांचा करार केला: वर्षाला ३५ लाख टन. दर असा: अमेरिकेतल्या हेन्री हब या केंद्राच्या भावाच्या ११५ टक्के, अधिक दर एककाला ३ डॉलर ठरलेले शुल्क. खरेदीदाराने जहाज नाकारले तरी ते ३ डॉलर द्यावेच लागतात. मार्च २०१८ मध्ये या कराराचे पहिले जहाज दाभोळला लागले. दाभोळ म्हणायचे, पण टर्मिनल आहे खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ. ते सुरू केले होते एन्रॉनने, तीही याच ह्यूस्टनची कंपनी. २००१ मध्ये काम थांबले, कंपनी बुडाली, आणि टर्मिनलमध्ये पहिला वायू उतरायला २०१३ उजाडले. लाटा अडवणारा बंधारा अपुरा असल्याने पुढेही बरीच वर्षे ते पावसाळ्यात बंद ठेवावे लागे.

सबीन पास आयातीसाठी बांधले आणि आठ वर्षांत त्याची दिशा फिरली. दाभोळ बारा वर्षे थांबले. दोन्ही ठिकाणी हुशार माणसे होती आणि अंदाज पक्के वाटत होते. सबीन पासने जुना खर्च कामी आणला, कारण पुढच्या २० वर्षांचे शुल्क भरणारे गिऱ्हाईक त्यांनी आधी बांधून घेतले. भाव पडला तर नुकसान गिऱ्हाइकाचे. म्हणजे धोका नाहीसा होत नाही; तो कोणाच्या तरी खांद्यावर जातो. गेलच्या बाबतीत तो भारतातल्या ग्राहकांवर आणि करदात्यांवर येऊ शकतो. किनाऱ्यावरचा धोका कॅमेरूनच्या कोळंबी पकडणाऱ्यांवर येतो. आणि कोळशापेक्षा वायू जळताना निम्माच कार्बन डायऑक्साइड सोडत असला, तरी वाटेत गळलेला मिथेन २० वर्षांच्या हिशेबाने त्याच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता अडवतो. तो धोका सगळ्यांच्याच मुलाबाळांचा.

जानेवारी २०२४ मध्ये सरकारने नव्या निर्यात परवान्यांना स्थगिती दिली, जानेवारी २०२५ मध्ये नव्या सरकारने ती उठवली. धोरणे अशी वर्षाला फिरतात; टर्मिनल मात्र पिढीभर उभे राहते. तेव्हा विस्ताराची बातमी वाचाल तेव्हा तीन गोष्टी शोधा: २० वर्षांचे शुल्क कोणी कबूल केले आहे, जहाजे अडली तर वायू थांबणार कुठे, आणि गळती कोण मोजणार. अशा प्रकल्पांवर नियामक आयोग जनतेची मते मागवतो आणि ती नोंदीत राहतात. आपल्यापैकी इतके जण ही यंत्रे आखतात, चालवतात, त्यांचे हिशेब ठेवतात. जे आपल्याला कळते, ते दोन परिच्छेदांत लिहून तिथे पाठवायला फारसा वेळ लागत नाही.