परिचर्या-शिक्षण आणि माहिती-साक्षरता

रुग्णाच्या सान्निध्यात सर्वांत अधिक काळ असते ती परिचारिका. औषध वेळेवर देणे, जखमेची मलमपट्टी करणे, नाडी व ताप यांची नोंद ठेवणे ही तिची परंपरागत कौशल्ये होत. त्यांच्या जोडीला आता माहिती-साक्षरतेचीही गरज मान्य झाली आहे. कोणती माहिती हवी हे ठरविणे, ती शोधणे, पारखणे आणि रुग्णाच्या हितासाठी वापरणे, म्हणजे माहिती-साक्षरता. ही संज्ञा १९७४ साली अमेरिकेतील पॉल झुरकोवस्की यांनी प्रचारात आणली.

माहिती न पारखण्याची किंमत

तान्ह्या बाळाला पालथे निजवावे, असा सल्ला अनेक पाश्चात्त्य देशांतील बालसंगोपनाची पुस्तके सुमारे १९८८ पर्यंत देत होती. या सवयीमुळे बाळ झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढतो, असे दर्शविणारा पुरावा १९७० पर्यंतच उपलब्ध झाला होता. परंतु तो एकत्र करून कोणी तपासला नव्हता. बाळांना उताणे निजविण्याची मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली. हा पुरावा वेळीच तपासला गेला असता, तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक, आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान पन्नास हजार बालमृत्यू टळू शकले असते, असा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यात काढण्यात आला. छापील मजकूरही पारखून घ्यावा लागतो, हा यातील धडा होय.

पाच निकष

अमेरिकेतील महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० साली उच्च शिक्षणासाठी माहिती-साक्षरतेचे निकष ठरविले. त्यांच्या आधारे आरोग्यविज्ञान ग्रंथपालांच्या गटाने परिचर्येसाठी स्वतंत्र निकष तयार केले व २०१३ साली त्यांना मान्यता मिळाली. ते थोडक्यात असे :

(१) हव्या असलेल्या माहितीचे स्वरूप व व्याप्ती निश्चित करणे.
(२) ती कार्यक्षमतेने मिळविणे.
(३) माहितीची व तिच्या उगमाची चिकित्सा करणे.
(४) विशिष्ट कार्यासाठी तिचा परिणामकारक उपयोग करणे.
(५) माहिती वापरताना कायदा व नीती यांचे भान ठेवणे.

रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे कर्तव्यही या अखेरच्या निकषाशी निगडित आहे.

आपल्याकडील दिशा

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली अधिसूचित केलेल्या सुधारित पदवी अभ्यासक्रमात आरोग्य व परिचर्या माहितीशास्त्र हा विषय समाविष्ट झाला आहे. वैद्यकीय संशोधनाची ‘पबमेड’ ही सूची १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे. तथापि, संगणक चालविता येणे म्हणजे माहिती-साक्षरता नव्हे. हाती आलेला मजकूर कोणी, केव्हा व कोणत्या पुराव्यावर लिहिला, हे विचारण्याची सवय अध्यापनातूनच लागते.

यास्तव मार्गदर्शक तत्त्वे आखताना अध्यापक, ग्रंथपाल व प्रत्यक्ष कक्षात काम करणाऱ्या परिचारिका यांनी एकत्र बसणे इष्ट ठरेल. प्रथम वर्षी ग्रंथालयाचा व सूचीचा वापर, पुढे माहितीची पारख आणि अंतिम वर्षी एखाद्या खऱ्या रुग्णाच्या प्रश्नाचे साधार उत्तर, अशी चढती श्रेणी ठेवता येईल. परीक्षाही पाठांतराची न घेता अशा शोधकार्याची घ्यावी. इंग्रजीची अडचण असणाऱ्या विद्यार्थिनींसाठी मराठीतून मार्गदर्शन आवश्यक आहे.

हा प्रश्न केवळ शहरांतील महाविद्यालयांचा नाही. गावाच्या उपकेंद्रातील परिचारिका हीच अनेक कुटुंबांना आरोग्याची माहिती देणारी पहिली व्यक्ती असते. मोबाइलवरून आलेला लसीविषयीचा एखादा संदेश घेऊन माता तिच्याकडे येते, तेव्हा खरे-खोटे निवडून देण्याचे सामर्थ्य तिच्या ठायी असले पाहिजे. उपकेंद्रात अद्ययावत मार्गदर्शक पुस्तिका आहेत की नाहीत, याकडे पंचायत सदस्यांनीही लक्ष पुरवावे. परिचारिकेच्या हाती योग्य माहिती असणे, हे औषधसाठ्याइतकेच महत्त्वाचे आहे.