पाण्यात रोवलेला खांब कुणाचा?

माजिवड्याच्या नाक्यावर उभे राहा. एका अंगाला, रिक्षाने सहज जाता येईल इतक्या अंतरावर, मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी. दुसऱ्या अंगाला बाळकुम-कोलशेत ओलांडलं की थेट खाडी. आता समजा, तुम्हाला होडी बांधायला एक खांब पाण्यात रोवायचाय. फक्त एक खांब आणि त्याला टेकून चार फळ्यांचा धक्का. कुणाला विचाराल?

खाडीत रोवायचा असेल तर सागरी मंडळ, किनारा नियमन क्षेत्राचे म्हणजे सीआरझेडचे नियम, आणि काठावर कांदळवन असेल तर वनखातं. तलावात रोवायचा असेल तर महापालिका, जिल्हाधिकारी, आणि तो तलाव पाणथळ ठरला तर राज्याचं पाणथळ प्राधिकरण. खांब तोच, फळ्या त्याच, मधलं अंतर जेमतेम काही किलोमीटर. तरीही तुम्ही एका कायद्याच्या राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलात! एवढ्याशा लाकडापायी एवढी खाती का जागी व्हावीत, याचा शोध घेत गेलं की आपण ठाण्यातून शिकागोला, तिथून हिमाचलात आणि शेवटी नागपुरात पोचतो.

आधी खाली बघू, पाण्यात.

तलावाचं सगळ्यात गजबजलेलं ठिकाण कोणतं? मधला खोल भाग? नाही. काठ! सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो तो काठाजवळच्या उथळ पाण्यात. तिथेच पाणवनस्पती मूळ धरतात, माशांची पिल्लं त्यांच्यात लपतात, बेडूक अंडी घालतात. चतुराचं उदाहरण घ्या. पावसाळा सरता सरता तलावांवर भिरभिरणारा हा कीटक आयुष्याचा मोठा भाग पाण्याखाली काढतो, बिनपंखी शिकारी म्हणून. मग एके रात्री एखाद्या काडीला धरून तो पाण्याबाहेर चढतो, पाठ उकलते आणि आतून पंखांचा प्राणी बाहेर येतो. त्या एका रात्रीसाठी त्याला काय लागतं? काठावरची एक काडी. तिथे गुळगुळीत सिमेंटची उभी भिंत असली तर तो चढणार कशावर?

आणि आपण धक्के, पायऱ्या, भिंती, पदपथ, गॅलऱ्या बांधतो त्या नेमक्या याच पट्ट्यात. रुंद धक्क्याखाली ऊन पोचत नाही. ऊन नाही तर वनस्पती नाही, आणि वनस्पती नाही तर दिवसा पाण्यात मिसळणारा प्राणवायू तेवढा कमी. एका अरुंद धक्क्याने तलावाचं काही बिघडत नाही, उलट काही मासे त्या सावलीत खुशाल राहतात. प्रश्न बेरजेचा आहे. एक धक्का, मग शेजारी बोटिंगवाल्याचं ऑफिस, मग खाण्याची टपरी, मग तरंगता मंच. यातल्या प्रत्येकाने थोडाच काठ खाल्लेला असतो, आणि बेरीज भरते तेव्हा काठच उरलेला नसतो.

मग यातलं काय चालेल आणि काय नाही, हे ठरवायचं कसं? इथे केंद्र सरकारचे पाणथळ नियम येतात. पहिले 4 डिसेंबर 2010 चे, त्यांच्या जागी आलेले दुसरे 26 सप्टेंबर 2017 चे. दोन्हींत एक अट जवळजवळ शब्दशः सारखी आहे: गेल्या दहा वर्षांतल्या पुराच्या सरासरी उच्च पातळीपासून पन्नास मीटरच्या आत कोणतंही कायमस्वरूपी बांधकाम नको. अपवाद एकच. बोटींचे धक्के!

बघा, किती सुरेख आहे हे. उपाहारगृहाला अपवाद नाही, बागेला नाही, पुतळ्याला नाही. जिथून माणूस पाण्यावर पाऊल ठेवतो, त्या धक्क्याला तेवढी वाट मोकळी. हे वाक्य कुणीतरी विचार करून लिहिलं आहे.

आणि ती पन्नास मीटरची रेघ कुठून मोजायची? भिंतीपासून नाही, कुंपणापासून नाही. पुराच्या पातळीपासून! म्हणजे रेघ पाण्यानेच आखायची. पाऊस दहा वर्षं जे करत आला त्याची सरासरी हाच इथला मोजणी अधिकारी.

पण दहा वर्षं कोणती? नियम लागू झाले त्या तारखेआधीची दहा. आता ठाणेकरांनी जरा बोटं मोजावीत. 2010 च्या नियमांची दहा वर्षं डिसेंबर 2000 पासून सुरू होतात. त्यांत 26 जुलै 2005 येते. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि उल्हास नदीने कल्याण-बदलापूरकडे गावंच्या गावं पाण्याखाली घातली, तो दिवस. 2017 च्या नियमांची दहा वर्षं मात्र सप्टेंबर 2007 पासून मोजायची. 26 जुलै जेमतेम सव्वादोन वर्षांनी निसटली! सरासरी दहा वर्षांची असल्याने एका वर्षाचा पूर तिच्यात दहावा हिस्सा घालतो, त्यामुळे रेघ कुठे किती सरकली हे ज्या त्या काठाच्या उतारावर ठरतं. पण सपाट काठावर पाणी वीतभर चढलं तरी ते आडवं कितीतरी मीटर पसरतं. नियमातलं एक जुनं वाक्य नव्या तारखेखाली आलं, आणि ज्या पावसाच्या आठवणीने आजही आपल्याला धडकी भरते तो सरसकट हिशेबाबाहेर गेला. मला वाटतं, अशी रेघ आखताना सगळ्यात वाईट वर्ष कधीच सुटता कामा नये.

बरं, आता सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट. पाणथळ म्हणजे काय? 2017 च्या नियमांत याची व्याख्या अगदी ऐसपैस सुरू होते. नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमची असो वा हंगामी, गोडी असो वा खारी. समुद्रसुद्धा तिच्यात येतो, ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असला तर. हे सहा मीटर 1971 साली इराणच्या रामसर गावी झालेल्या करारातून आले, आणि समुद्री बदकं खाण्यासाठी साधारण तेवढीच बुडी मारतात म्हणून तो आकडा धरला असं सांगितलं जातं. बदकाच्या श्वासाने आखलेली सरहद्द! आपली ठाण्याची खाडी 2022 साली त्याच रामसर यादीत गेली.

पण व्याख्येच्या शेवटी एक वगळणूक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव पाणथळ नाहीत. मत्स्यशेती, मीठ, करमणूक किंवा सिंचन यांसाठी खास बांधलेल्या जागाही नाहीत. थांबा, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. एखाद्या तलावात आज किती पक्षी उतरतात, किती मासे आहेत, यावर सगळं ठरत नाही. तो कुणीतरी, कधीतरी, कशासाठी खोदला, यावर ठरतं! शेकडो वर्षांपूर्वी कुदळ मारणाऱ्याच्या मनातला हेतू आज तलावाचं नशीब ठरवतो.

आणि ठाण्यात तर तलावच तलाव. मासुंदा, कचराळी, आंबेघोसाळे, सिद्धेश्वर, मखमली, रायलादेवी, उपवन, रेवाळे. यातल्या अनेकांची नाळ परंपरा शिलाहार राजांच्या काळाशी जोडते. मासुंदाच्या काठी कौपिनेश्वराचं देऊळ, म्हणजे हा तलाव देवासाठी? पोखरण रोडला ज्याचं नाव मिळालं त्या पोखरणच्या तलावाने एकेकाळी शहराला पाणी पाजलं, म्हणजे तो वगळलेल्यांत? एकाच गावातले दोन तलाव, दोन्हींत तीच कमळं, आणि एक पाणथळ तर दुसरा नाही, असं होऊ शकतं. अशा वेळी साक्षीला कोण हवं? ताम्रपट वाचणारा इतिहासकार!

त्यात आकाराची चाळणी वेगळी. इस्रोच्या उपग्रहचित्रांवरून जो राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह झाला, त्यात सव्वादोन हेक्टरहून मोठ्या 2,01,503 जागा मोजल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये त्यांना संरक्षण दिलं. त्याहून लहान साडेपाच लाखांहून अधिक जागा नकाशावर निव्वळ ठिपके म्हणून आहेत. गल्लीतलं लहानसं तळं म्हणजे असा एक ठिपका.

मग पाणथळ न ठरलेल्या तलावात कुणीही काहीही बांधावं? इथून आपला प्रवास सुरू होतो.

साल 1869. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने शिकागो शहरासमोरचा मिशिगन सरोवराचा तळ, एक हजार एकरांहून जास्त, चक्क एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला. काठापासून मैलभर आतपर्यंतचा! चार वर्षांत राज्याला उपरती झाली, देणगी रद्द झाली आणि भांडण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1892 साली निकाल लागला: सरोवराचा तळ सरकारच्या मालकीचा खरा, पण ती मालकी विकायची नाही, जनतेच्या वतीने सांभाळायची आहे. विश्वस्ताने ठेव विकली तर चालेल का?

आणि त्या निकालात एक अपवाद होता. लोकांच्या व्यवहाराला उपयोगी पडतील असे धक्के, गोद्या आणि तत्सम बांधकामं यांच्यापुरते लहान तुकडे देता येतील, मात्र उरलेल्या पाण्यावरच्या लोकांच्या हक्काला बाध यायला नको. ओळखीचं वाटतं ना? शंभरहून अधिक वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, दिल्लीत लिहिलेल्या नियमांत तोच अपवाद: धक्का. वाहतं पाणी, समुद्र आणि किनारा सगळ्यांचे, हा विचार तर त्याहून कितीतरी जुना. इसवी सन 533 मध्ये सम्राट जस्टिनियनने संकलित करवून घेतलेल्या रोमन कायद्यात तो स्पष्ट आहे.

तो भारतात उतरला तोही पाण्याच्याच वाटेने. हिमाचलात कुलू-मनालीजवळ बियास नदीकाठी एक मोटेल होतं. पुराचा धोका आपल्या जागेवरून टळावा म्हणून मोटेलवाल्यांनी यंत्रं लावून नदीचा प्रवाहच वळवला. 13 डिसेंबर 1996 ला आपल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि सगीर अहमद यांनी शिकागोच्या त्या खटल्याचा आधार घेत सांगितलं की सार्वजनिक विश्वस्ताचं हे तत्त्व भारताच्या कायद्याचा भाग आहे.

खरं तर आपल्या घरात त्याची बीजं आधीपासूनच होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 20. खाडीचा तळ, नद्या, ओढे, नाले, सरोवरं, तलाव, यांतलं जे कुणाच्या खाजगी मालकीचं सिद्ध होत नाही ते सगळं राज्याचं. हे कलमही नवं नाही. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्यातून ते चालत आलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला म्हणून सीट आपल्या नावावर होत नाही, तसाच पाण्यात रोवलेला खांब. तो रोवणाऱ्याचा असेल, त्याखालचा तळ नाही.

तरी एक फट राहिली होती. नदी निसर्गाची, सरोवर निसर्गाचं. माणसाने खोदलेल्या तलावाचं काय? हा प्रश्न नागपूरच्या फुटाळा तलावाने विचारला. भोसल्यांच्या काळातला हा तलाव. त्याच्यासाठी संगीत कारंजं, प्रेक्षक गॅलरी, तरंगतं उपाहारगृह असा मोठा घाट घातला गेला आणि एक संस्था न्यायालयात गेली. आधी मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, मग सर्वोच्च न्यायालय. 7 ऑक्टोबर 2025 ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला. फुटाळा मानवनिर्मित आहे आणि व्याख्येतल्या वगळणुकीत बसतो, त्यामुळे नियमांच्या दृष्टीने तो पाणथळ नाही. संस्थेचं अपील फेटाळलं गेलं. इथे निराश होऊन वाचन थांबवू नका! कारण त्याच निकालाने सांगितलं की विश्वस्ताचं तत्त्व माणसाने घडवलेल्या पाण्यालाही लागू आहे. शिकागोच्या सरोवराला मिळालेलं कवच भोसल्यांच्या तलावाला मिळालं, म्हणजेच शिलाहारांच्याही.

यातून जो नवा पेच उभा राहिला तो मला सगळ्यात रंजक वाटतो: तरंगणारं बांधकाम कायमस्वरूपी म्हणायचं का? विसर्जनासाठी तलावात आणलेला तराफा सण संपला की निघून जातो, त्याबद्दल वाद नाही. खाडीतल्या धक्क्याला तर तरंगावंच लागतं. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीत पाणी चार मीटरहून अधिक वर-खाली होतं, तेही दिवसातून दोनदा. घट्ट रोवलेल्या फळीवरून सकाळी पाय भिजेल आणि दुपारी होडी खोल चिखलात दिसेल. म्हणून वसई-कल्याण जलमार्ग क्रमांक 53 वर कोलशेत, काल्हेर, डोंबिवलीला धक्के आखताना भरतीचं वेळापत्रक हाच पहिला कागद असणार. पण तलावात भरती नाही. तिथे वर्षानुवर्षं एकाच जागी तरंगणाऱ्या, वीज आणि सांडपाण्याच्या नळ्यांनी काठाला जखडलेल्या वस्तूला केवळ पाया नाही म्हणून तात्पुरती म्हणणं मला पटत नाही. तिच्या सावलीला ती तरंगते की उभी आहे, याने काय फरक पडतो?

डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं की सव्वादोन हेक्टरवरच्या पाणथळी प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासा, त्यांच्या सीमा आखा. नव्या मोजणीत त्यांची संख्या 2,31,195 झाली होती. उपग्रहाने वरून पाहिलेलं पाणी आता कुणीतरी काठाने चालत जाऊन, फीत धरून मोजायचं. सव्वादोन हेक्टरखालच्या तळ्यांसाठी मात्र हा आदेश नाही. त्यांचा कागद तुम्हाला स्वतःच काढता येतो: गावातल्या तळ्याला गट क्रमांक असतो आणि त्याचा सातबारा निघतो, शहरातल्याचं मालमत्ता पत्रक. त्यावर धारक म्हणून कुणाचं नाव आहे आणि क्षेत्र किती, हे बघा; मग काठाने पावलं टाकत आजचं क्षेत्र त्याच्याशी ताडून पाहा.