डायनामो बदलण्याआधी मीटर लावा



ऊसविकास खात्याने बेणे, लागण आणि खतांच्या हप्त्यांवर लिहावे, अशी रीत आहे. पण ऊस तोडला म्हणजे काम संपले असे नाही. तो गव्हाणीत पडला पाहिजे. तोडणीनंतर जितका वेळ जाईल तितके वजन घटते आणि उतारा घसरतो. म्हणून चोवीस तासांच्या आत ऊस गाळला जावा, असा आमचा आग्रह असतो. वर्षभर राबून पिकवलेला हा ऊस कधी कधी एका लहानशा भागापायी वाटेत अडतो. तो भाग म्हणजे ट्रकचा अल्टरनेटर. गॅरेजवर त्याला अजून डायनामोच म्हणतात, तेव्हा आम्हीही तसेच म्हणू.

मिरकरवाड्याहून निघालेला ट्रक

हंगाम संपला की आपल्या भागातील काही ट्रक कोकणच्या भाड्याला जातात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बर्फातली मासळी भरायची आणि हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाटाने कोल्हापूर गाठायचे. वाट सुमारे १३० किलोमीटरची. जून-जुलैची मासेमारीबंदी उठते तेव्हा घाटात पाऊस आणि धुके असते.

अशाच एका सभासदाच्या ट्रकचे दिवे बंदरावर लख्ख होते. साखरप्यापाशी ते मिणमिणू लागले. इंजिन मात्र ठणठणीत. ड्रायव्हर शहाणा, त्याने घाट चढायचे धाडस केले नाही. मासळीचा भाव गेला, पण गाडी आणि माणूस शाबूत राहिले.

असे का झाले? जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची फारशी गरज नसते. डायनामो मेला तरी ते धावत राहते आणि दिवे, वायपर, पंखा हे सारे बॅटरीवर जगतात. नुसते पुढचे दोन दिवे २४ व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर खातात. बाकीचे धरून १२ अँपिअर झाले, तर १०० अँपिअर-तासाची निम्मी भरलेली बॅटरी फार तर चार तास पुरेल, जुनी त्याहून कमी. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर इंधनही इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने सोडले जाते. तिथे बॅटरी उतरली की इंजिनच बंद पडते.

तपासणीचा क्रम

१. किल्ली फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर आधी बल्ब आणि वायर पाहा.

२. इंजिन बंद करून पट्टा अंगठ्याने दाबा. बोटभराहून जास्त दबला, किंवा घासून गुळगुळीत झाला असेल, तर दोष तिथेच असू शकतो.

३. बॅटरीची टोके आणि चेसीसची अर्थिंग घासून साफ करा. बंदरावर खारी हवा आणि मासळीचे खारे पाणी यांनी ती लवकर खातात.

४. आता मीटर लावा. इंजिन बंद असताना बॅटरीवर सुमारे २५ व्होल्ट दिसावेत आणि इंजिन जरा रेस केल्यावर साधारण २८. दिवे लावल्यावरही २७ च्या खाली फारसे जाऊ नये. ३० च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला. बॅटरीचे पाणी आटेल, बल्ब उडतील.

५. बॅटरीवर कमी दिसले, तर डायनामोच्या जाड वायरीच्या टोकावर मोजा. तिथे २८ असेल तर डायनामो निर्दोष, दोष वायरीत.

वरील ट्रकचा पट्टा चांगला होता आणि टोकेही साफ केली. तरी दोन्ही ठिकाणी मीटर २४ वरच. डायनामो उघडला तेव्हा कार्बन झिजून संपलेले, आतल्या कड्या खाऱ्या पाण्याने खाल्लेल्या, बेअरिंगही वाजत होते. तेव्हाच तो बदलायचे ठरले. नुसते कार्बन गेले असते, तर थोडक्या पैशात काम भागले असते.

बदलताना

पहिल्यांदा बॅटरीची ऋण वायर काढा. प्रत्येक वायरीला खूण करा. नवा नग त्याच व्होल्टचा, तितक्याच अँपिअरचा आणि त्याच मापाच्या पुलीचा घ्या. पट्टा सरळ रेषेत बसला पाहिजे. पुष्कळ लहान डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या पाठीलाच असतो. त्याच्या नळ्या नीट जोडून ब्रेक तपासल्याशिवाय गाडी हलवू नका. उतरलेली बॅटरी बाहेर चार्ज करून मगच लावा, नाहीतर नव्या डायनामोवर पहिल्याच दिवशी ताण येतो.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'डायनामो चालतोय का' हे पाहू नका. जुन्या डायनामोला ते चालून जाई, आजच्या नगाचे डायोड जळतात. आणि उसाच्या गाडीची बॉडी वेल्डिंग करताना बॅटरी व डायनामोची जोडणी सोडवून ठेवा.

बंधूंनो, हंगामात रात्रीच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग असते. मागचा लाल दिवा विझला, तर मोटारसायकलवरच्या माणसाला उसाची मोळी दिसते ती अगदी अंगावर आल्यावर. तो माणूस आपल्याच गावचा असतो. तेव्हा बॉयलर पेटण्यापूर्वी प्रत्येक वाहतूकदार सभासदाने एकदा मीटर लावून घ्यावे, ही विनंती.