दोरी ओढून ओढून खांदा गेला

सकाळी ७. रात्रभर पाऊस झाला, आता उघाड आहे. घाटंजीत ऑगस्टमध्ये उघाड पडली की शटर वर जायच्या आधीच माझ्या ओट्यावर पेट्रोलवरचे फवारणी पंप येऊन बसलेले असतात. पऱ्हाटीवर तुडतुडे आहेत, आणि आज फवारा मारला नाही तर उद्या पाऊस मारू देईल याची खात्री नाही. आज पाच पंप, दोन मोटरसायकली.

७.३०. पाना हातात घ्यायच्या आधी हातमोजे घालतो आणि एकेक पंप साबणाच्या पाण्याने धुतो. टाकीत कालचं औषध उरलेलंच असतं. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. आम्ही मेकॅनिक लोक तर कार्बोरेटरचा जेट तोंडाने फुंकूनच हे काम शिकलो. औषधाच्या पंपाचा जेट ओठांत धरायचो, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. त्या वर्षानंतर कॉम्प्रेसर घेतला. तोंडाने फुंकणं माझ्या दुकानात बंद.

९. पारव्याकडचे एक काका. "भाऊ, दोरी ओढू ओढू खांदा गेला. चोक लावला की घेते, काढला की बसते."

अर्धं निदान त्यांनीच सांगितलं. चोक लावला की हवा कमी होते. त्याच्यावरच इंजिन चालत असेल तर त्याला पेट्रोल कमी पडतंय. आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण पाहिलं. त्याचं बारीक भोक चिखलाने बुजलं तरी पेट्रोल खाली उतरत नाही, आणि लोक उगाच कार्बोरेटर खोलत बसतात. भोक मोकळं होतं. प्लग कोरडा. मग कार्बोरेटरची खालची वाटी उघडली.

वाटीत तपकिरी चिकटा, काठाला पांढरी भुकटी. मागच्या हंगामात पंप पेट्रोलसकट खुंटीला टांगला, तो थेट गेल्या महिन्यात काढला. पेट्रोल उडून जातं, ऑइल आणि डिंक मागे राहतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि धातू खातं. मेन जेट उजेडासमोर धरला. गोल दिसायला हवं ते भोक चंद्रकोरीएवढंच उरलं होतं. त्यात सुई किंवा स्टीलची तार घालू नये, भोक मोठं होतं आणि पंप पेट्रोल प्यायला लागतो. वायरमधली तांब्याची एक बारीक तार, क्लीनर, मग हवा. फ्लोटच्या सुईच्या टोकाला झिजून कडं पडलं होतं. ती नवी टाकली.

"नवाच कार्बोरेटर बसवून द्या ना," काका म्हणाले. मी नाही म्हटलं. आतली स्लाइड खुळखुळत नव्हती, बॉडी ठणठणीत होती. स्वस्तातली नक्कल बसवण्यापेक्षा आहे तो साफ केलेला बरा. सुधारणा करायचीच तर इथेनॉलला टिकणारी नळी आणि पारदर्शक फिल्टर. दोन्ही बसवले. पाच मिनिटं गरम करून रेस लावली आणि प्लग काढून दाखवला: दुधाच्या चहाचा रंग. त्यांच्या पंपाला लिटरभर पेट्रोलमागे ४० मिली ऑइल लागतं. ते मापानेच घालायचं. झाकणाच्या अंदाजाने ओतलं की प्लग काळा पडतो.

१. डबा.

२. मोटरसायकल, पेट्रोल ओव्हर होतंय. फ्लोटच्या सुईखाली कचरा. वीस मिनिटांचं काम. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे प्रदूषण नियम आले, नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. हाताखालचा पोरगा विचारतो, मग हे शिकून काय करू? त्याला ओट्यावरचे पंप दाखवतो.

४.३०. भाच्याचा फोन, रत्नागिरीहून. "मामा, बोटीचं जुनं इंजिन चोकवरच चालतंय." १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद होती, इंजिन पेट्रोलसकट उभं होतं. त्याला म्हटलं, वाटी खोल, चिकटा असेल. तिकडे शिवाय खाऱ्या पाण्याचा थेंब आत गेला की जेट हिरवा पडतो. तासाभराने फोटो आला: चिकटाही होता, जेट हिरवाही होता.

६.३०. पाचवा पंप सुरू झाला. हात तीनदा साबणाने धुतले.

शेतकरी भावांना एवढंच सांगणं आहे. शेवटची फवारणी झाली की पेट्रोलची टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मगच पंप टांगा. आणि दुकानात आणताना औषधाची टाकी वावरातच, विहीर-नाल्यापासून लांब, तीनदा धुऊन आणा. पंप उघडणाऱ्यालाही घर आहे.