लग्न झाले की खेळ खलास!

‘हार्वेस्ट मून’ हा शेतीवरचा जपानी व्हिडिओ गेम १९९६ चा. त्यात शेतकरी फक्त पुरुष आणि त्याला निवडायला पाच मुली. २००० सालच्या तिसऱ्या गेमबॉय आवृत्तीत मुलगीही शेतकरी होती. पण तिचे लग्न लागले की खेळच संपे! मुलाची शेती मात्र लग्नानंतरही चालूच. याला समता म्हणायची?

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यातील भगिनींना हा नियम नवा नाही. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा दिला, पण कायद्याआधी लग्न झालेल्यांना वगळून! ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली. तरीही नीरा कालव्याखालच्या बागायतीत बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतले जातेच. जातीबाहेर जोडीदार निवडला असेल तर विचारूच नका. जात टिकते ती स्त्रीच्या लग्नावर पहारा ठेवून, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच मांडले होते.

गेमवाले तरी सुधारले. २०१६ साली आलेल्या ‘स्टारड्यू व्हॅली’त आज बारा जोडीदार आहेत, मुलगा-मुलगी दोघांनाही खुले, लग्नानंतर शेतही तिचेच. इकडे हक्कसोडपत्राची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते. भगिनींनो, तिथे सही करण्याआधी सातबारा आणि फेरफार मागून घ्या.